व्हिएन्ना की प्राग: नऊ रात्रींचा हिशेब

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज भरताना एक प्रश्न टाळता येत नाही, तो म्हणजे सर्वांत जास्त रात्री कोणत्या देशात काढणार. ज्या देशात मुक्काम मोठा, त्याच्याकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील, तर ज्या देशात पहिले पाऊल पडणार त्याच्याकडे. त्यामुळे ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणण्याची सोय उरत नाही. माझ्या पतींना चेक देशातले प्राग हवे होते आणि मला ऑस्ट्रियातले व्हिएन्ना. मे २०२५ मधल्या त्या प्रवासासाठी आम्ही फेब्रुवारीपासून जेवणाच्या टेबलावर हा वाद घातला आणि अखेर सहा रात्री व्हिएन्ना व तीन रात्री प्राग अशी वाटणी केली. आता दोन्ही शहरे पाहून झाली आहेत, तेव्हा सोलापुरातून तिकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी, विशेषतः साठीच्या आसपासच्या शाकाहारी जोडप्यांसाठी, हे परीक्षण लिहीत आहे. ज्यांचे गुडघे ठणठणीत आहेत त्यांचा निष्कर्ष कदाचित वेगळा निघेल.

आधी एक पर्याय बाद कसा झाला ते सांगते. शहरातील एका सहल कंपनीने आम्हाला नऊ दिवसांत पाच देशांची योजना दिली होती. भात, आमटी, पोळी रोज मिळणार, सोबत मराठी बोलणारा मार्गदर्शक असणार, आणि व्हिसाची धावपळही त्यांचीच. कार्यक्रमपत्रिका बारकाईने वाचल्यावर मात्र लक्षात आले की व्हिएन्नाच्या वाट्याला एक संध्याकाळ आणि एक सकाळ आली होती, तर प्रागमध्ये ‘शहरदर्शन’ या एका शब्दात सारे आटोपले होते. त्यातही निम्मी ठिकाणे ‘बाहेरून दर्शन’ या सदरात होती. पंढरपूरला जाऊन कळसाला हात जोडून परतण्यात श्रद्धा तरी असते, इथे तीही नव्हती. आम्ही स्वतःच जायचे ठरवले.

व्हिसाबद्दल थोडक्यात. सोलापुरात बोटांचे ठसे देण्याची सोय नसल्यामुळे एक दिवस मुंबईसाठी काढावा लागला. शुल्क माणशी ९० युरो, शिवाय केंद्राचा सेवाआकार वेगळा, आणि किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासी विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि मे महिन्यासाठी तो लवकर केलेलाच बरा, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीच्या वेळा मिळेनाशा होतात. तिकीट एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतण्याचे काढले, त्यामुळे मागे फिरण्याचा खर्च वाचला. मधला व्हिएन्ना ते प्राग हा प्रवास रेल्वेने सुमारे चार तासांचा आहे, म्हणजे सोलापूरहून पुण्याला जाण्याइतकाच.

व्हिएन्नाचे पहिले सुख पाण्याचे होते. आमच्या पिढीतल्या सोलापूरकराचे सारे आयुष्य ‘आज पाणी आहे का’ या प्रश्नाभोवती गेले आहे. उजनीचे पाणी शंभरएक किलोमीटरवरून येते आणि तरीही नळ तीन-चार, कधी पाच दिवसांआड वाहतो, त्यामुळे पिंप भरलेले नसेल तर आम्हाला झोप लागत नाही. व्हिएन्नाचे पाणीही असेच लांबून येते, पण आल्प्सच्या डोंगरातील झऱ्यांतून. पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये आणि दुसरी १९१० मध्ये सुरू झाली, आणि उताराच्या जोरावर ते पाणी शहरापर्यंत पोहोचते. हॉटेलच्या न्हाणीघरातला नळ सोडून पेला भरला तेव्हा पाणी माठातल्यासारखे गार होते. माझ्या पतींनी एक घोट घेतला, पेला उजेडासमोर धरला आणि म्हणाले, “अगं, हे लोक यानेच अंघोळही करतात.” रस्त्यातही पिण्याच्या पाण्याच्या तोट्या आहेत. सहा दिवसांत आम्ही पाण्याची एकही बाटली विकत घेतली नाही. प्रागच्या उपाहारगृहांत मात्र साधे पाणी मागितले तरी ते बिलात लागले, आणि बिअर त्याच्याहून फारशी महाग नव्हती, ज्याचा आम्हाला काहीच उपयोग नव्हता.

दोन शहरांतला खरा फरक मला तिसऱ्या दिवशी उमगला. व्हिएन्नाचे वैभव बहुतांशी दाराआड आहे आणि प्रागचे रस्त्यावर. व्हिएन्नात तिकीट काढून आत जावे लागते, पण आत गेल्यावर बसायला मिळते. प्रागमध्ये पाहण्यासारखे पुष्कळसे फुकट आहे, मात्र त्याची किंमत पायांनी मोजावी लागते. बाकीचे सारे मुद्दे, म्हणजे खर्च, गर्दी, जेवण, या एका गोष्टीतूनच निघतात.

व्हिएन्नाचे उदाहरण घ्यायचे तर रिंगस्ट्रासे या रस्त्याचे घेता येईल. शहराला पूर्वी तटबंदी होती. सम्राट फ्रान्झ योसेफ याने १८५७ मध्ये ती पाडण्याचा हुकूम दिला आणि त्या मोकळ्या जागेवर सुमारे पाच किलोमीटरचा रुंद रस्ता आणि त्याच्या कडेने संसद, नगरसभागृह, विद्यापीठ, ऑपेरा, संग्रहालये उभी राहिली. आपला भुईकोट किल्ला खंदकासह अजून उभा आहे याचा मला आनंदच आहे, पण तट पाडून त्याचे काय करता येते हे पाहायचे असेल तर हा रस्ता पाहावा. विशेष म्हणजे तो ट्रामच्या खिडकीत बसून पाहता येतो. १ आणि २ क्रमांकाच्या ट्राम या रस्त्याचा मोठा भाग धरून जातात. एका ट्राममधून उतरून दुसरीत बसले की बहुतेक साऱ्या इमारती डोळ्यांखालून जातात. आम्ही गेलो तेव्हा चोवीस तासांचा पास ८ युरोला, म्हणजे सुमारे ७७० रुपयांना होता, आणि भुयारी रेल्वे, ट्राम, बस या तिन्हींना तो चालतो. पास वापरण्यापूर्वी यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो हे विसरू नये. स्थानकात अडवणारे फाटक नसते, पण तपासनीस अचानक येतो.

संग्रहालयांपैकी एकच निवडायचे असेल तर मी कलेतिहासाचे संग्रहालय, कुन्स्टहिस्टोरिशेस, निवडेन. १८९१ मध्ये उघडलेल्या या इमारतीत ब्रुगेल या चित्रकाराची बारा चित्रे आहेत. त्याची इतकी चित्रे जगात अन्यत्र एका ठिकाणी नाहीत. त्याच्या दालनात मधोमध बसण्याची सोय आहे. बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांच्या १५६५ मधील चित्रासमोर आम्ही जवळजवळ अर्धा तास बसलो. थकलेली कुत्री माना खाली घालून चालली आहेत, दूर खाली गोठलेल्या तळ्यावर माणसे मुंगीएवढी होऊन खेळत आहेत, आणि डावीकडे घराबाहेर जाळ पेटवला आहे. त्या सकाळी माझ्या भावाचा सोलापुरातून संदेश आला होता की पारा बेचाळीसच्या वर गेला आहे. त्यामुळे ते बर्फ आम्ही जरा जास्तच मन लावून पाहिले असावे.

शोनब्रुन या राजवाड्याला १,४४१ खोल्या आहेत, त्यांपैकी जेमतेम चाळीस पर्यटकांना दाखवतात, आणि खरे सांगायचे तर पंधरानंतर सोनेरी नक्षी डोळ्यांना टोचू लागते. तिथली बाग मात्र विनामूल्य आहे आणि ती चुकवू नये. सेंट स्टीफन चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत; आम्ही उत्तर मनोऱ्याच्या लिफ्टने वर गेलो आणि त्याबद्दल मला कोणताही खेद नाही.

ऑपेराबद्दल मला भीती होती, कारण तिकिटे महाग आणि पोशाखाचा प्रश्न. पण एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबर या महिन्यांत ऑपेरागृहाच्या बाजूच्या चौकात मोठा पडदा लावून आतला प्रयोग थेट दाखवतात, तोही विनामूल्य. खुर्च्या मांडलेल्या असतात, पण लवकर भरतात. आम्ही पाऊण तास आधी जाऊन बसलो. शेजारच्या आजीबाईंनी पिशवीतून लहान उशी काढून खुर्चीवर ठेवली, वर शाल पांघरली आणि पहिला पडदा पडेपर्यंत हलल्याही नाहीत. गाण्यातले शब्द आम्हाला कळत नव्हते, तरी आमच्याही खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या झाल्या नाहीत. थंडी वाढल्यावर आम्ही सोबत नेलेली सोलापुरी चादर दोघांच्या पायांवर ओढली. मे महिन्यातही तिथली रात्र आपल्या डिसेंबरसारखी असते, हे सामान भरताना लक्षात ठेवावे.

व्हिएन्नातील कॉफीघरे हा स्वतंत्र विषय आहे, पण थकलेल्या माणसाच्या दृष्टीने एवढेच सांगते की एका कॉफीवर तासभर बसले तरी कोणी उठवत नाही. चांदीसारख्या चकचकीत तबकात कॉफीचा पेला येतो, त्यासोबत पाण्याचा लहान ग्लास आणि त्या ग्लासावर आडवा ठेवलेला चमचा. वर्तमानपत्रे लाकडी दांडीला अडकवून ठेवलेली असतात. वाढपी मंडळी हसत नाहीत; ते उद्धट असल्याचे आम्हाला प्रथम वाटले, नंतर सवय झाली. आणखी एक व्यावहारिक सोय अशी की दोन्ही शहरांत सार्वजनिक स्वच्छतागृहाला बहुतेक ठिकाणी पैसे पडतात आणि त्यासाठी नाणी जवळ बाळगावी लागतात; कॉफीघरात ग्राहकाला ती अडचण येत नाही.

व्हिएन्नाचा दोष म्हणजे तिथला रविवार. दुकाने कायद्यानेच बंद असतात, आणि शनिवारीही संध्याकाळी सहाला कुलपे लागतात. मोठ्या रेल्वे स्थानकातील दुकाने तेवढी उघडी राहतात. आम्हाला हे ठाऊक नव्हते, त्यामुळे पहिल्या शनिवारी दही आणि फळे घेण्यासाठी साडेसहाला बाहेर पडलो आणि हात हलवत परतलो. प्रागमध्ये रविवारीही दुकाने सुरू होती. व्हिएन्नातील खोलीही प्रागपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने महाग पडली.

जेवणाच्या बाबतीत दोन्ही शहरे शाकाहाऱ्याची परीक्षा पाहतात. साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही गाईच्या हाडांचा अर्क असतो, आणि अंडे तर इतक्या पदार्थांत असते की कट्टर शाकाहाऱ्याने आधी विचारलेलेच बरे. व्हिएन्नात चीज घातलेल्या केझश्पेट्झले नावाच्या शेवया मिळतात, नाशमार्क्ट या बाजारात फलाफल, म्हणजे छोल्यांचे वडे, तेही भरपूर. प्रागमध्ये तळलेल्या चीजची जाड वडी बटाट्यांबरोबर देतात, जी पहिल्या दिवशी आवडली आणि दुसऱ्या दिवशी नको झाली. प्रागच्या गल्लोगल्ली निखाऱ्यावर भाजलेले गोड नळकांडे विकतात आणि ते जुने चेक पक्वान्न असल्याची पाटी लावतात. ते प्रत्यक्षात पर्यटकांसाठीच वाढलेले प्रकरण आहे, घेतले नाही तरी चालेल. आम्हाला तारले ते कडक भाकरी आणि शेंगाचटणीने. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना बंदी आहे, त्यामुळे पेढे, खवा, तूप घरीच ठेवावे. भाकरी आणि चटणीला मात्र अडचण आली नाही. कडक भाकरी मोडू नये म्हणून मी ती स्टीलच्या डब्यात टॉवेल गुंडाळून नेली होती.

टॉवेलवरून आठवले. माझे पती टेरी टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षे पर्यवेक्षक होते. व्हिएन्नाच्या हॉटेलात शिरल्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहण्याआधी न्हाणीघरातला टॉवेल उचलला, काठ उलटा करून शिवण पाहिली, फासे बोटांनी चाचपले आणि “पाचशे जीएसएम असावा, पण काठ आपल्याकडचा बरा” असा निर्वाळा दिला. जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममधले वजन. प्रागच्या हॉटेलातला टॉवेल त्यांच्या मते चारशेचाही नव्हता. हॉटेल निवडताना ही कसोटी वापरता येणार नाही, पण त्यांचा अंदाज दोन्ही ठिकाणच्या एकंदर व्यवस्थेला तंतोतंत लागू पडला.

आता प्राग. ते व्हिएन्नापेक्षा सुंदर आहे, हे मी वाद हरल्याच्या भावनेने नव्हे तर सरळ कबूल करते. व्ल्तावा नदीच्या पुलावरून टेकडीवरचा किल्ला दिसतो तेव्हा बोलणे थांबते. चौथ्या चार्ल्सच्या काळात १३५७ मध्ये बांधायला घेतलेला तो चार्ल्स पूल ५१६ मीटर लांब असून त्यावर तीस पुतळे आहेत. दुपारी त्यावर सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसारखी रेटारेटी असते, म्हणून आम्ही गजर लावून पहाटे साडेपाचला गेलो. तेव्हा तिथे एक छायाचित्रकार, लग्नाच्या पोशाखातले एक जोडपे आणि आम्ही दोघे एवढेच होतो. नेपोमुकच्या संत जॉनला १३९३ मध्ये या पुलावरून नदीत टाकले होते. त्याचा पुतळा १६८३ मधला, पुलावरच्या पुतळ्यांत सर्वांत जुना. त्याच वर्षी तिकडे व्हिएन्नाला तुर्कांचा वेढा पडला होता आणि इकडे संभाजीराजांची कारकीर्द चालू होती. पुतळ्याखालच्या ब्राँझच्या चित्रफलकाचा काही भाग लोकांनी सतत हात लावल्यामुळे सोन्यासारखा चकाकतो, बाकी सारा काळवंडलेला. माझ्या पतींनी चपला काढाव्यात की काय अशा घोटाळ्यात क्षणभर थांबून मग हात लावलाच.

याउलट १४१० मधल्या खगोलीय घड्याळाने निराशा केली. यंत्र म्हणून ते थोर आहे, चंद्रसूर्याची आणि राशींची गती दाखवते. पण तासाच्या ठोक्याला प्रेषितांच्या मूर्ती खिडकीतून सरकतात तो खेळ मिनिटभरही चालत नाही, आणि त्यासाठी हात वर करून मोबाइल धरलेल्या गर्दीत पाऊण तास उभे राहण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा त्याच मनोऱ्यावर लिफ्टने जावे.

प्रागमध्ये पायांचे हाल होतात ते फरसबंदीमुळे. पदपथ दगडाच्या लहान लहान चौकोनी तुकड्यांचे आहेत, दिसायला नक्षीदार आणि चालायला खडबडीत. स्थानकापासून हॉटेलपर्यंत चाकांची बॅग ओढताना असा खडखडाट होत होता की लोक वळून पाहत होते, आणि दारापाशी पोहोचेपर्यंत एक चाक निखळलेही. पातळ तळाचे बूट इथे आणूच नयेत. पादत्राणांचा विषय निघालाच आहे तर, ज्या बाटाला आपण जन्मभर भारतीय समजत आलो तो मूळचा इथला. १८९४ मध्ये झ्लिन गावी सुरू झालेला. वेन्सेस्लास चौकात त्याची १९२९ मधली काचेची इमारत पाहून माझ्या पतींना आजोळी आल्यासारखे झाले.

किल्ल्यावर जाण्यासाठी खालून चढू नये. २२ क्रमांकाची ट्राम वरच्या अंगाला सोडते. तिथून किल्ला आणि सेंट व्हिटस चर्च पाहत उतरत यावे. हे चर्च १३४४ मध्ये सुरू होऊन १९२९ मध्ये पूर्ण झाले, त्यामुळे आपल्याकडच्या रेंगाळलेल्या उड्डाणपुलांबद्दल माझे मत थोडे मवाळ झाले आहे. ट्राम प्रागची उत्तम आहे आणि स्वस्तही. चोवीस तासांचा पास १२० कोरुना, म्हणजे सुमारे ४६० रुपये होता. भुयारी रेल्वेचे सरकते जिने मात्र जपून वापरावेत. नामेस्ती मिरू स्थानकाचा जिना ८७ मीटर लांब आहे आणि वेगही आपल्या मॉलमधल्या जिन्यापेक्षा बराच जास्त. मी पहिल्यांदा पाय ठेवताना डोळे मिटले होते.

चेक देशात युरो नव्हे, कोरुना चालतो, आणि इथेच आम्ही फसलो. जुन्या शहरातल्या एका पैसे बदलणाऱ्या टपरीवर ‘दलाली शून्य’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. १०० युरोचे सुमारे २,४९० कोरुना मिळायला हवे होते, हातात १,९०० पडले. मी आयुष्यभर बँकेत काम केले आहे, त्यामुळे ती लाज वेगळीच होती. हॉटेलच्या स्वागतकक्षातील मुलीने सांगितले की २०१९ पासून तिथे कायदा आहे: १,००० युरोपर्यंतचा व्यवहार पावती दाखवून तीन तासांच्या आत रद्द करता येतो. आम्ही पावती घेऊन परत गेलो. काउंटरवरच्या माणसाने एक शब्द न बोलता नोटा मोजून परत केल्या, जणू हे रोजचेच असावे. पावती फेकू नये, आणि शक्यतो बँकेच्या एटीएममधूनच पैसे काढावेत. तेही यंत्राने देऊ केलेला रुपयांतला दर नाकारून.

ज्यांची मुले कॉलेजात आहेत, ज्यांना दिवसाला पंधरा हजार पावले चालता येतात आणि ज्यांचे बजेट आखडते आहे, त्यांनी प्रागला जास्त रात्री द्याव्यात. आमच्यासारख्यांनी मुक्काम व्हिएन्नाला ठेवावा आणि प्राग शेवटी, दोन किंवा तीन रात्रींसाठी घ्यावे. हा क्रम उलटा केला तर आधीच थकलेले पाय व्हिएन्नात पोहोचतील हे खरे, पण तो मुख्य मुद्दा नाही. प्राग पाहिल्यानंतर व्हिएन्नाचे रस्ते फार नीटनेटके आणि थोडे निर्विकार वाटतील, आणि ते त्या शहरावर अन्याय करणारे होईल. पुन्हा गेले तर मी स्वतः वाटणीत एवढाच बदल करीन की व्हिएन्नाची शोनब्रुनवर घालवलेली दुपार वाचवून ब्रुगेलच्या दालनात दुसऱ्यांदा जाईन, आणि प्रागमध्ये स्थानकाहून हॉटेलपर्यंत टॅक्सी करीन.

माझ्या पतींचे मत अजूनही प्रागच्या बाजूने आहे. निखळलेल्या चाकाची बॅग त्यांनी साखर पेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे दिली, तेव्हा त्याने विचारले की कुठल्या रस्त्यावर ओढली होती, आणि यांनी त्याला चार्ल्स पुलाची पूर्ण हकीकत सांगितली. चाकाचे ऐंशी रुपये झाले.